मेदाकाची पिल्लं पहिल्या पंधरवड्यातच का जातात? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

मादी रोज पहाटे अंडी देते, अंडी वेळेवर फुटतात, पाण्यावर चार-पाच मिलिमीटरची पिल्लं दिसू लागतात आणि आठ-दहा दिवसांत टबात बोटांवर मोजण्याइतकीच उरतात. मोठे मासे मात्र ठणठणीत. जपानी मेदाका हा छोटा मासा पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येते आणि कित्येकांना दर मोसमात येते. स्वतःच्या आणि इतरांच्या टबांमधली ही गळती मी इतक्यांदा थांबवली आहे की कुठून सुरुवात करायची याचा क्रम आता ठरून गेलाय. तोच इथे देते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बहुतेक वेळा पाणी खराब नसतं आणि रोगही नसतो. पिल्लं उपाशी मरतात. खाणं टाकलेलं असतं, पाण्यावर ते दिसतही असतं, पण त्यांच्या तोंडात मावत नाही. लोक मात्र घाबरून सगळं पाणी बदलतात, औषध ओततात, आणि जी पिल्लं तग धरून होती तीही त्या धक्क्याने जातात. म्हणून काहीही ओतण्याआधी नीट बघायचं.

लक्षणं

किती मेली यापेक्षा कधी आणि कशी मेली यावरून जास्त कळतं.

रोज थोडी थोडी कमी होतायत, गळती अंडी फुटल्यानंतर साधारण चौथ्या दिवसापासून सुरू झाली आणि उरलेली पिल्लं बारीक, डोकं मोठं नि पोट आत गेलेलं अशी दिसतायत: उपासमार.

काल सगळी होती, आज सकाळी एकदम निम्मी गेली, उरलेली पृष्ठभागाला तोंड लावून बसलीत: रात्री प्राणवायू कमी पडला. हिरवं पाणी (सूक्ष्म शेवाळ वाढलेलं पाणी) फार दाट झालं की हे हमखास होतं.

भर दुपारी पटापट गेली: उन्हाने तापलेलं पाणी किंवा अमोनिया (विष्ठा नि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात येणारं विष). हे दोन्ही एकत्रही येतात. त्याबद्दल पुढे सविस्तर.

पाणी बदलल्यावर काही तासांत गेली: क्लोरीन किंवा तापमानातला फरक.

पोटं भरलेली दिसतात, तरी संख्या घटतेय: कोणीतरी खातंय.

मेलेली पिल्लं सापडत नाहीत, म्हणून लोक लगेच शिकारी शोधायला लागतात. पण एवढंसं शरीर काही तासांत विरघळतं किंवा गोगलगायी ते संपवतात. प्रेत न सापडणं हा शिकारीचा पुरावा नाही.

१. भिंग आणि टॉर्च

याला काहीही खर्च नाही, म्हणून हे पहिलं. दोन-तीन पिल्लं पांढऱ्या वाटीत किंवा पारदर्शक पेल्यात पाण्यासकट घ्या. जाळीने उचलू नका. जाळीच्या धाग्याला चिकटलं तरी पिल्लू जखमी होतं. बाजूने टॉर्च धरा आणि भिंगातून पोटाकडे बघा.

पिल्लू पारदर्शक असतं, त्यामुळे डोळ्यांच्या मागे, चंदेरी पोटात, खाल्लेलं सरळ दिसतं. हिरवं पाणी पिणाऱ्या पिल्लाच्या आतड्यात हिरवट रेघ असते. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) खाल्लेल्याचं पोट नारिंगी ठिपक्यासारखं चमकतं. पहिले दोन-तीन दिवस पोटाखाली पिवळसर पीतकाची (अंड्यातल्या बलकाची) पिशवी असते, तेव्हा आतडं रिकामं असलं तरी चिंता नको. पिशवी संपलीय आणि आतड्यात काहीच रंग नाही, तर निदान झालं: तपासणी चारवर जा, मधलं नंतर बघा.

पाच मिनिटांच्या या कामाने निम्म्या टबांचा प्रश्न सुटतो.

२. टबात आणखी कोण आहे?

मेदाका आपली अंडीही खातो आणि पिल्लंही. त्यात राग-लोभ नाही, तोंडासमोर हललं की गिळायचं एवढंच. पिल्लं आईबापांबरोबर असतील तर वेगळी करा. तळ्यात वनस्पती भरपूर दाट असतील तर काही वाचतात, पण ती नशिबाने वाचतात.

मोठी भावंडंही तितकीच धोक्याची. महिनाभर आधीच्या बॅचमध्ये नवी पिल्लं सोडली तर नवी गेलीच समजा. खाल्ली गेली नाहीत तरी मोठी त्यांना खाण्यापर्यंत पोचू देत नाहीत. एका टबात एका आठवड्याची अंडी, हा नियम पाळला की बरंच सुरळीत होतं.

मग हायड्रा. काचेवर किंवा पाण्यातल्या मुळांवर अर्धा-एक सेंटीमीटरचे, पसरलेल्या दोऱ्यांचे पांढरट-हिरवट जीव दिसले की तेच ते. त्यांचा दंश मोठ्या माशाला काही करत नाही, पण पिल्लू त्यात अडकून मरतं. हायड्रा वनस्पतींबरोबर येतो आणि आर्टेमिया टाकायला लागलं की झपाट्याने वाढतो. पिल्लं असताना टबात हायड्राचं औषध टाकू नका. पिल्लं पेल्याने उचलून स्वच्छ टबात हलवा आणि जुना टब घासून, उन्हात कोरडा करून वापरा.

बाहेरच्या तळ्यात चतुराची अळी सगळ्यात खादाड. चतुर पाण्यावर शेपूट आपटताना दिसले की समजायचं, अंडी पडली. बारीक जाळी अंथरणं एवढाच खात्रीचा उपाय.

३. भांडं आणि प्रवाह

हा मासा मुळात भातखाचरांचा, पाटांचा, संथ ओढ्यांचा. तोंड वर वळलेलं, पाठ सपाट. त्याची सगळी रचनाच पृष्ठभागावरून खाण्यासाठी आहे. पिल्लं तर पहिले कित्येक दिवस वरच्या सेंटीमीटरभर पाण्यातच असतात. म्हणून पिल्लांना खोल टाकीचा काही उपयोग नाही, त्यांना पसरट टब हवा. दहा-पंधरा सेंटीमीटर पाणी पुरे.

फिल्टर किंवा एअर स्टोन चालू असेल आणि पिल्लं एका कोपऱ्यात ढकलली जात असतील, तर ती दिवसभर पोहून दमतायत. जेवढं खातात त्याहून जास्त खर्च होतं. एअर पंप बंद करून तासभर बघा: पिल्लं सगळीकडे पांगली, तर दोष प्रवाहाचा होता. पहिले दोन आठवडे फिल्टर नसलेलाच बरा. अगदी ठेवायचाच असेल तर स्पंज फिल्टर, आणि बुडबुडे मोजता येतील इतकी हवा कमी. बाकीच्या फिल्टरांचं तोंड पिल्लांना ओढून घेतं.

पाण्यावर तेलकट साय दिसत असेल तर कागदी रुमाल हलक्या हाताने टेकवून उचला. साय म्हणजे उरलेल्या खाण्याचा पुरावा, आणि तिच्यामुळे हवा पाण्यात नीट मिसळत नाही.

गर्दीही बघा. दहा लिटरच्या पसरट टबात पन्नासेकपेक्षा जास्त पिल्लं मी ठेवत नाही. जास्त ठेवली तरी ती आपोआप तेवढ्यावर येतात, म्हणून आधीच विभागलेली बरी.

४. खाणं

खरा प्रश्न बहुतेकदा इथेच असतो.

जुलै १९९४ मध्ये कोलंबिया अंतराळयानातून ४ मेदाका गेले होते. भाररहित अवस्थेत त्यांचा समागम झाला, मादीने अंडी दिली आणि काही पिल्लं तिथेच बाहेर पडली. पृष्ठवंशी प्राण्याचं अंतराळात असं प्रजनन ही पहिलीच वेळ होती. सांगायचा मुद्दा हा की अंडं घालणं आणि फुटणं या टप्प्यांवर हा मासा विलक्षण चिवट आहे. नाजूक टप्पा त्यानंतरचा आहे: पीतक संपल्यापासून तोंड मोठं होईपर्यंतचे दहा-बारा दिवस. या काळात पोट लहान, साठवण शून्य आणि भूक सतत. प्रौढ मासा कित्येक दिवस उपाशी राहिला तरी चालतं, पिल्लाला एक उपाशी दिवसही महागात पडतो.

आधी सध्याचं खाणं तपासा. चिमूटभर बोटांमध्ये घ्या. कण हाताला जाणवत असतील, तर ते पिल्लांसाठी मोठे आहेत. “पिल्लांचं खाणं” म्हणून मिळणारी पाकिटंही पुष्कळदा जाड असतात. खलबत्त्यात घोटून, तलम कापडातून गाळून ते टाल्कम पावडरसारखं झालं पाहिजे आणि पाण्यावर तरंगलं पाहिजे. बुडालेलं खाणं पिल्लं खात नाहीत, ते फक्त तळाशी कुजतं. दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी टूथपिकच्या टोकावर मावेल इतकंच.

इथे पंचाईत अशी की नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाला पाच वेळा खाणं घालणं जमत नाही. एकदाच भरपूर घातलं तर पाणी नासतं. म्हणून मी कोरड्या खाण्यावर भिस्त ठेवत नाही. टबात सतत तरंगणारं जिवंत खाणं असलं की पिल्लू आपल्या वेळेने खातं, आणि न खाल्लेलं कुजत नाही.

त्यात सर्वांत सोपं हिरवं पाणी. मोठ्या माशांच्या टाकीतलं पाणी पारदर्शक भांड्यात भरून उन्हात ठेवा. दोनेक आठवड्यांत ते सूक्ष्म शेवाळाने हिरवं होतं. कुणाकडून थोडं तयार हिरवं पाणी मिळालं तर आणखी लवकर. त्यात पिल्लं नुसती सोडली तरी जगतात, कारण शेवाळाबरोबर इतर सूक्ष्म जीवही त्यात वाढतात. दाटपणा मात्र बेताचा हवा: दहा सेंटीमीटर खोल पाण्यात टबाचा तळ दिसला पाहिजे. तळ दिसेनासा झाला की थोडं काढून साधं पाणी घाला.

घरात ऊन येत नसेल तर पॅरामिशियम, म्हणजे पाण्यातले एकपेशीय सूक्ष्म जीव. आधी हे जीव थोडेसे मिळवावे लागतात. प्लास्टिकच्या बाटलीत क्लोरीन काढलेलं पाणी, त्यात ते सोडायचे आणि बिअर यीस्टच्या गोळीचा एक तुकडा टाकायचा. रोज एकदा हलवायची, झाकण सैल. आठवडाभरात बाटली उजेडासमोर धरली की धुळीसारखे पांढरे कण स्वतःहून हलताना दिसतात. पेलाभर पाणी रोज टबात. जपानमधले कित्येक मेदाकावाले हेच करतात.

आर्टेमियाचं ताजं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास असतं. जोमदार मेदाका ते लवकर घेतो, पण बारक्यांना जमत नाही. त्यामुळे पहिला आठवडा हिरवं पाणी किंवा पॅरामिशियम, नंतर आर्टेमिया, असा क्रम ठेवा. मिठाचं पाणी गाळून, साध्या पाण्याने धुऊनच टाका. गोड्या पाण्यात ते काही तासांतच मरतात, म्हणून लगेच संपेल तेवढेच. आर्टेमिया सुरू झाल्यापासून वाढ अशी दिसते की आठवड्याने तीच पिल्लं ओळखू येत नाहीत.

खाणं बदलल्यावर तीन-चार दिवस थांबा. जी आधीच फार खंगली आहेत ती भरल्या टबातही वाचत नाहीत. त्यामुळे बदलानंतर दोन दिवस मृत्यू चालू राहिले म्हणून उपाय चुकला असं नाही. पुन्हा भिंग घ्या. उरलेल्यांची पोटं भरलेली दिसली की गाडी रुळावर आहे.

५. पाणी

आता टेस्ट किट लागेल. अमोनिया, त्यापासून होणारा नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) एवढं पुरतं. अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर दिसला की खाणं निम्मं करा आणि रोज दहा-वीस टक्के पाणी बदला, तेही हळूहळू, पेल्याने. पाणी काढताना हवेच्या नळीच्या टोकाला तलम कापड बांधा, म्हणजे पिल्लं ओढली जात नाहीत. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टबाइतक्याच तापमानाचं असावं.

हिरव्या पाण्यात एक फसवी गोष्ट घडते. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतं आणि दुपारी पीएच ९ च्याही वर जाऊ शकतो. पीएच चढला की पाण्यातल्या त्याच अमोनियातला विषारी हिस्सा वाढतो. तापमानानेही तो वाढतो. म्हणजे सकाळी निर्धोक असलेलं पाणी दुपारी मारक ठरतं, टबात कुणी काही केलेलं नसताना. म्हणून हिरव्या पाण्याची चाचणी सकाळी करून समाधान मानू नका, ती दुपारी करा. आणि हिरव्या पाण्यात कोरडं खाणं टाकणार असाल तर हात अगदी आखडता ठेवा. रात्री उलट होतं: तेच शेवाळ प्राणवायू वापरतं. दाट पाण्यात पहाटे मृत्यू होतात ते यामुळे.

६. तापमान आणि उजेड

प्रौढ मेदाका बर्फाखालच्या पाण्यातही हिवाळा काढतो, म्हणून पिल्लांनाही थंडी चालते असा समज होतो. पिल्लांची भूक तापमानावर चालते. २० अंशांच्या खाली ती मंदावतात आणि पहिल्या पंधरवड्यात मंदावणं म्हणजे खंगणं. २४ ते २८ अंश ठेवा. दिवस-रात्रीतला चढउतार छोट्या टबात फार होतो, त्यामुळे उन्हातल्या टबावर दुपारी अर्धी सावली हवीच. घरात असाल तर तेरा-चौदा तास दिवा. हाच उजेड मोठ्या माशांना अंड्यावर ठेवतो आणि पिल्लांना खाण्यासाठी जास्त वेळ मिळतो.

७. अंडी

इथवर सगळं ठीक असेल आणि पिल्लं पहिल्या तीन दिवसांतच, पीतक असतानाच मरत असतील, तर मागे जाऊन अंडी बघा.

फलित अंडं आश्चर्य वाटेल इतकं कडक असतं. बोटांमध्ये हलकेच फिरवलं तरी फुटत नाही. मऊ, पांढरं पडलेलं अंडं मेलेलं. ते ठेवलं तर त्याची बुरशी शेजारच्यांवर जाते. अंडी झुपक्याने दोऱ्यांनी जोडलेली असतात, ती कागदी रुमालावर फिरवून सुटी करा. सुरुवातीचे दिवस ती साध्या नळाच्या पाण्यात ठेवता येतात. अंड्याचं कवच क्लोरीनला दाद देत नाही, बुरशी मात्र दबते. पाणी रोज बदला. मेथिलिन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) वापरायचं तर फिकट निळं, एवढंच. मेलेली अंडी गडद निळी होतात, त्यामुळे निवडायलाही सोपं.

अंड्यात दोन काळे डोळे स्पष्ट दिसले की क्लोरीन आणि औषध दोन्ही बंद, जुनं पण स्वच्छ पाणी सुरू. पिल्लाला कवच नसतं, त्यामुळे फुटण्याच्या दिवशी नळाच्या पाण्यात असलेलं अंडं म्हणजे गेलेलं पिल्लू. तारीख काढायचा जपानी हिशोब सोपा आहे: पाण्याचं तापमान गुणिले दिवस, एकूण साधारण २५०. म्हणजे २५ अंशांना १० दिवस, २० अंशांना १२-१३. टबावर अंडी काढल्याची तारीख लिहून ठेवा.

८. आईबाप

हे सगळ्यात वेळखाऊ, म्हणून शेवटी. अंड्यांमध्ये पांढरी जास्त निघत असतील तर नर-मादीचं प्रमाण बघा. नराचा पृष्ठपर (पाठीवरचा पर) शेवटी चिरलेला असतो आणि गुदपर (पोटाखाली, शेपटीच्या अलीकडचा पर) मोठा, समांतरभुज चौकोनासारखा. मादीचा गुदपर मागे निमुळता होतो. एका नराला दोन माद्या ठीक. रोज अंडी देणाऱ्या मादीला नुसतं कोरडं खाणं पुरत नाही, तिला डाफ्निया (गोड्या पाण्यातला पिसूएवढा जीव) किंवा डासांच्या अळ्या द्या. मोसमाच्या शेवटची अंडी कमजोर निघतात, त्यांच्यावरून जोडीला नावं ठेवू नका.

एकाच जोडीची भावंडं पिढ्यान् पिढ्या एकमेकांत जुळवली असतील तर वाकडे कणे, कमी अंडी आणि दुबळी पिल्लं दिसू लागतात. त्याच जातीचे, पण दुसऱ्या कुळातले मासे आणा. आखूड, गोल अंगाच्या दारुमा मेदाकाची पिल्लं मुळातच पोहायला कमजोर असतात; त्यांची गळती जास्त होते, तीही हिशोबात धरा.

रानातले मासे आणि पाळीव रंगीत मासे मिसळू नका. जपानमध्ये १९९९ साली रानटी मेदाका संकटग्रस्तांच्या यादीत गेला, आणि तिथल्या वेगवेगळ्या भागांतल्या कुळांमध्ये जनुकीय फरक आहेत. बाहेर सोडलेला एक नारिंगी मासा त्या वेगळेपणावर घाला घालतो. उरलेली पिल्लं आणि अंडी असलेलं पाणी कोणत्याही ओढ्यात, तळ्यात किंवा गटारात ओतू नका. मातीत ओता.

कुठे थांबायचं

नवा टब, नवं पाणी, दुसरीकडून आणलेली अंडी आणि भरलेली पोटं, एवढं असूनही बॅच जात असेल तर घरगुती उपाय थांबवा. तसंच मोठे मासे भरपूर खाऊनही वाळत चालले असतील, अंगावर बऱ्या न होणाऱ्या जखमा असतील, किंवा आधी सरळ असलेले कणे वाकायला लागले असतील तर पिल्लांवर आणखी प्रयोग करू नका. माशांचा क्षय हे त्यातलं एक कारण असू शकतं. तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि अंदाजाने टाकलेल्या प्रतिजैविकाने बराही होत नाही. जलचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जा. सोबत लक्षणं असलेला जिवंत मासा टबातल्याच पाण्यात, वेगळ्या बाटलीत टबाचं पाणी, आणि लिहून ठेवलेल्या तारखा व तापमानं न्या. मेलेला मासा काही तासांतच तपासणीच्या कामाचा राहत नाही.

तोवर त्या टबाची जाळी, नळी, वनस्पती दुसऱ्या टबात जाऊ देऊ नका. हाताला चिरा असतील तर पाण्यात हात घालू नका किंवा हातमोजे घाला, कारण माशांच्या क्षयाचा जंतू जखमेतून माणसाच्या कातडीतही जातो. हातावर आठवडे उलटूनही न बसणारी गाठ किंवा फोड असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि मासे पाळता हे त्यांना आपणहून सांगा.